मोटार अपघाताचा दावा: कागद कसे जमवायचे, वकील कसा निवडायचा, रक्कम कशी ठरते

अपघातात हाड मोडलेला माणूस अजून वॉर्डात असतो आणि कोणीतरी येऊन खाटेशी वकिलाचं कार्ड ठेवून जातो. सोबत आश्वासनही असतं, "एक पैसा देऊ नका, रक्कम मिळाली की टक्केवारी द्या." ते कार्ड बाजूला ठेवा. वकील लागणारच आहे, पण पहिल्या आठवड्यात त्याहून जास्त गरज कागदांची असते. दवाखान्यात लिहिलेली एक चुकीची ओळ किंवा पोलीस ठाण्यात झालेला उशीर पुढे चांगल्या वकिलालाही धुऊन काढता येत नाही.

इथली माहिती भारतातल्या रस्ता अपघातांची आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ खाली असे दावे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चालतात. बोलताना सगळे त्याला एम.ए.सी.टी. म्हणतात आणि ते बहुतेक ठिकाणी जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. रेल्वे अपघाताचा दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणात जातो आणि त्याची मुदत एक वर्षाची आहे. डॉक्टरी हलगर्जीपणाची तक्रार ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांत करावी लागते. ते मार्ग वेगळे आहेत, त्यांची इथे सरमिसळ करत नाही.

दवाखान्यातली ती एक ओळ

जखमीला अपघात विभागात आणलं की ड्युटीवरचा डॉक्टर विचारतो, "काय झालं?" घाबरलेला भाऊ किंवा मेहुणा सांगून टाकतो, "गाडीवरून पडला." केस पेपरवर लिहिलं जातं, 'दुचाकीवरून घसरून पडल्याने इजा.' पुढे साक्षीच्या वेळी विमा कंपनीचा वकील नेमका तोच कागद पुढे करतो. त्याचं म्हणणं सरळ असतं: धडक बसलीच नाही, अर्जदार स्वतः घसरला आणि विमा असलेली गाडी नंतर प्रकरणात घुसवली. खोट्या गाड्या घुसवण्याचे प्रकार खरोखर होतात. त्यामुळे न्यायाधीशही हा मुद्दा हलक्यात घेत नाहीत.

म्हणून पहिल्याच नोंदीत चार गोष्टी याव्यात: अपघाताची वेळ, ठिकाण, कोणत्या प्रकारच्या वाहनाने कोणत्या बाजूने धडक दिली, आणि माहीत असल्यास नंबर. नंबर माहीत नसेल तर 'अनोळखी टेम्पोने मागून धडक दिली' एवढं तरी हवं. चुकीचं लिहिलं गेलं असेल तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. कागदावर खाडाखोड मात्र करायला लावू नका. खाडाखोड मूळ चुकीपेक्षा जास्त संशय निर्माण करते.

एम.एल.सी. नंबर पडला आहे ना, हेही पाहा. ही वैद्यकीय-कायदेशीर नोंद झाली की दवाखाना पोलिसांना कळवतो आणि अपघाताची तारीख पक्की होते. आधी छोट्या दवाखान्यात प्रथमोपचार घेऊन मग मोठ्या रुग्णालयात हलवलं असेल तर दोन्हीकडचे कागद लागतात. पहिल्या दवाखान्याची चिठ्ठी हरवणं ही फार नेहमीची गोष्ट आहे.

खर्चाबद्दल एक गोष्ट लगेच उपयोगी पडणारी. केंद्र सरकारच्या २०२५ च्या योजनेप्रमाणे रस्ता अपघातातल्या जखमीला ठरवून दिलेल्या रुग्णालयांत, अपघातापासून ७ दिवसांपर्यंत, १.५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळू शकतात. रुग्णालय या योजनेत आहे का, हे दाखल करतानाच विचारा.

पोलीस ठाण्यातून काय घ्यायचं

फिर्याद शक्य तितक्या लवकर द्या. उशीर झाला म्हणून दावा आपोआप बुडत नाही, पण उशिराचं कारण फिर्यादीतच लिहिलेलं असावं: 'जखमी अतिदक्षता विभागात होता, घरचे उपचारांत गुंतले होते.' भारतीय न्याय संहितेत बेदरकार वाहन चालवण्यासाठी कलम २८१ आणि त्यातून झालेल्या दुखापतीसाठी कलम १२५ लावलं जातं. गुन्हा नोंदल्याची प्रत फिर्यादीला आणि पीडिताला मोफत मिळते, तिच्यासाठी वकील लावावा लागत नाही.

घटनास्थळ पंचनामा मिळाला की नीट वाचा. रस्त्याची रुंदी किती, वाहनं कुठे पडली होती, काचा आणि टायरच्या खुणा कुठल्या बाजूला होत्या, हे त्यात असतं. कोण चुकीच्या बाजूला होता हे न्यायाधिकरण बऱ्याचदा याच कागदावरून ठरवतं. घटनास्थळाचे स्वतःचे फोटो असतील तर मूळ फोन सांभाळून ठेवा, नुसते पुढे पाठवलेले फोटो साक्षीत कच्चे पडतात. जवळच्या दुकानातला किंवा टोलनाक्यावरचा कॅमेरा दिसला तर तपासी अंमलदाराला लगेच लेखी कळवा. चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं.

धडक देणाऱ्या वाहनाचा नंबर एमपरिवहन ॲपवर टाकला की नोंदणी आणि विम्याची मुदत दिसते. पॉलिसीची प्रत हाती आली की तारखेबरोबर तासही बघा. अपघातानंतर दोन तासांनी काढलेली पॉलिसी त्या अपघाताला लागू होत नाही, आणि अशी पॉलिसी पुढे केली गेल्याची प्रकरणं न्यायालयांसमोर आलेली आहेत.

१ एप्रिल २०२२ पासून पोलिसांवर ठरावीक वेळापत्रक आहे. प्राथमिक अपघात अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत. सविस्तर अहवाल न्यायाधिकरणात गेला की न्यायाधिकरण तोच दाव्याचा अर्ज म्हणून हाताळू शकतं. जखमीनेही आपली माहिती आणि कागद ठरलेल्या नमुन्यात ६० दिवसांत तपासी अंमलदाराकडे द्यायचे असतात. हा नमुना कोणी आपण होऊन आणून देत नाही, मागावा लागतो.

वेळापत्रक कागदावर उत्तम आहे. प्रत्यक्षात ठाण्यावर कामाचा बोजा असतो आणि अहवाल रेंगाळतात. म्हणून पोलिसांच्या अहवालावर विसंबून बसू नये, स्वतःचा अर्ज दाखल करावा.

सहा महिने

२०१९ च्या दुरुस्तीने कलम १६६(३) परत आणलं आणि ते १ एप्रिल २०२२ पासून लागू झालं. त्याप्रमाणे अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल व्हायला हवा. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे. तरी त्या भरवशावर राहू नका, सहा महिने ही शेवटची तारीख धरूनच चाला.

'उपचार पूर्ण झाले नाहीत, अपंगत्वाचा दाखला आला नाही, मग दावा कसा लावणार?' या विचारात बरेच लोक मुदत घालवतात. दाखला नंतर जोडता येतो आणि मागणीची रक्कमही वाढवता येते. मागितल्यापेक्षा जास्त रक्कम देण्याचा अधिकारही न्यायाधिकरणाला आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच स्पष्ट केलं आहे. दाखल करण्यापुरते गुन्ह्याची प्रत, पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, ओळखपत्र आणि वाहन-विम्याचा तपशील एवढे कागद पुरतात.

अर्ज कुठे करायचा हे अर्जदार ठरवतो. अपघात झाला त्या भागात, स्वतः राहतो किंवा व्यवसाय करतो त्या भागात, किंवा सामनेवाला (ज्याच्याविरुद्ध दावा आहे तो) राहतो तिथे. घर लातूरला आणि अपघात पुण्याजवळ असेल तर लातूरला दावा लावता येतो. पंचनाम्याचे साक्षीदार पुण्याचे असले तरी दर तारखेला जखमी पायाने प्रवास करण्यापेक्षा हे परवडतं.

कुठल्या कलमाखाली?

इथे घाईत सही केली तर मोठं नुकसान होऊ शकतं. कलम १६४ खाली चूक कोणाची हे सिद्ध न करता ठरावीक रक्कम मिळते: मृत्यू झाल्यास ५ लाख आणि गंभीर दुखापतीला २.५ लाख रुपये. कलम १६६ खाली समोरच्या चालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो, पण रक्कम प्रत्यक्ष नुकसानीप्रमाणे ठरते आणि ती कितीतरी जास्त असू शकते. विमा कंपनीकडून १६४ ची रक्कम तडजोडीत स्वीकारली की १६६ चा दावा संपुष्टात येतो. कंपनीचा प्रतिनिधी घरी येऊन 'अडीच लाख लगेच' म्हणतो तेव्हा तो कोणत्या कलमाबद्दल बोलतोय, हे आधी विचारा.

साधं फ्रॅक्चर, ज्यातून माणूस तीन महिन्यांत पूर्ण बरा झाला आणि समोरच्याची चूक दाखवणारा पुरावाही कच्चा आहे, तिथे १६४ शहाणपणाचं ठरू शकतं. कायमचं अपंगत्व राहिलं असेल तर जवळजवळ कधीच नाही.

धडक देऊन पळालेलं वाहन सापडलंच नाही तर वेगळी योजना आहे: मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार रुपये. अर्ज तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्याकडे जातो, मंजुरी जिल्हाधिकारी पातळीवर होते. यासाठी वकील लागत नाही.

आणखी दोन गोष्टी धावत्या. अपघातात स्वतःचीच चूक असेल तर १६६ चा दावा टिकत नाही, तेव्हा आपल्या पॉलिसीतलं मालक-चालकाचं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण तपासा. आणि ड्रायव्हर, क्लीनर किंवा कामावर असताना जखमी झालेला कामगार असेल तर कामगार नुकसानभरपाई आणि मोटार अपघात दावा यांतला एकच मार्ग निवडता येतो. निवडण्याआधी दोन्हींचा हिशेब मांडून बघा.

रक्कम कशी ठरते

वकिलाकडे जाण्याआधी हा हिशेब ढोबळ का होईना स्वतः करून बघावा. मग '५० लाख मिळवून देतो' म्हणणारा आणि 'दोन लाखांवर मिटवा' म्हणणारा, दोघेही ओळखू येतात.

सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा (२००९) या निकालाने वयाप्रमाणे गुणक, म्हणजे वर्षाचं नुकसान ज्याने गुणायचं तो आकडा, ठरवून दिले. १५ ते २५ वर्षांसाठी १८, २६ ते ३० साठी १७, ३१ ते ३५ साठी १६, ३६ ते ४० साठी १५, ४१ ते ४५ साठी १४, ४६ ते ५० साठी १३, ५१ ते ५५ साठी ११, ५६ ते ६० साठी ९, ६१ ते ६५ साठी ७ आणि त्यापुढे ५. प्रणय सेठी (२०१७) निकालाने भविष्यातली उत्पन्नवाढ ठरवली. कायम नोकरीत चाळिशीच्या आत ५० टक्के, ४० ते ५० मध्ये ३० टक्के, ५० ते ६० मध्ये १५ टक्के. स्वतःचा धंदा किंवा ठरावीक पगाराच्या कामात हेच आकडे ४०, २५ आणि १० टक्के. कायम अपंगत्वाच्या दाव्यातही ही वाढ धरायची, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये पप्पू देव यादव प्रकरणात पुन्हा सांगितलं.

उदाहरण घ्या. वय ३२, स्वतंत्र प्लंबर, महिन्याचं उत्पन्न २०,००० रुपये, कमावण्याच्या क्षमतेत ३० टक्के घट.

वार्षिक उत्पन्न २,४०,०००. त्यात ४० टक्के वाढ धरून ३,३६,०००. त्याचे ३० टक्के म्हणजे १,००,८००. गुणक १६, म्हणून १६,१२,८०० रुपये. ही झाली भविष्यातल्या कमाईची हानी. तिच्यात उपचारांच्या काळात बुडालेली कमाई (पाच महिने घरी बसला तर १ लाख), औषधोपचाराची बिलं, मदतनीस, प्रवास, पौष्टिक आहार, प्लेट किंवा रॉड काढण्याच्या पुढच्या शस्त्रक्रियेचा खर्च, वेदना आणि जगण्यातला आनंद गमावल्याची भरपाई मिळवायची. त्यावर व्याज वेगळं.

आता या हिशेबातला कळीचा आकडा पाहा. ३० टक्के हा दाखल्यावरचा आकडा नाही, तो कमाईच्या क्षमतेतल्या घटीचा आहे. राजकुमार विरुद्ध अजयकुमार (२०११) या निकालाचा सगळा भर यावर आहे. दाखल्यावर 'उजव्या पायाचं ४५ टक्के अपंगत्व' असेल तर संपूर्ण शरीराचं अपंगत्व त्याहून कमी भरतं. उलट, डावा हात गमावलेल्या ड्रायव्हरचं किंवा सुताराचं शारीरिक अपंगत्व ६० टक्के असलं तरी कमाईची हानी जवळपास १०० टक्के असू शकते, आणि त्याच दुखापतीत कारकुनाची नोकरी टिकूनही राहू शकते. म्हणून त्या प्लंबरने 'गुडघा ४५ टक्के' एवढंच सांगून भागत नाही. उकिडवं बसता येत नाही, शिडी चढता येत नाही, टाकीवरचं काम बंद झालं, हे साक्षीत यावं लागतं. चांगला वकील नेमकं हेच काढून घेतो.

दाखला शक्यतो जिल्हा शल्यचिकित्सकांच्या मंडळाचा किंवा ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्या डॉक्टरांचा घ्या, तोही हाड जुळून सुधारणा थांबल्यावर. कधीच उपचार न केलेल्या डॉक्टरकडून तासाभरात मिळणारे तयार दाखले न्यायालयं ओळखतात आणि राजकुमार निकालात त्यांच्याबद्दल स्पष्ट इशाराही आहे. दाखला नुसता जोडून चालत नाही, डॉक्टरची साक्ष झाली तरच त्याला वजन येतं. डॉक्टर साक्षीला यायला तयार आहेत का, हे दाखला घेतानाच विचारून ठेवा.

उत्पन्नाचा पुरावा हा दुसरा खड्डा. नोकरदाराकडे पगारपत्रक आणि फॉर्म १६ असतो. इतरांनी आयकर विवरण, बँकेचं स्टेटमेंट, दुकानाचा परवाना, सातबारा, दूध संस्थेची बिलं, कामगार नोंदणीचं कार्ड, जे असेल ते काढावं. अपघातानंतर घाईने भरलेलं जुन्या वर्षांचं आयकर विवरण मदत करण्याऐवजी शंका वाढवतं. काहीच नसेल तर न्यायाधिकरण किमान वेतनासारख्या आधाराने अंदाजे उत्पन्न धरतं आणि तो आकडा बहुधा खऱ्यापेक्षा कमी असतो.

बिलांचं म्हणाल तर प्रत्येक औषधाच्या बिलावर रुग्णाचं नाव, तारीख आणि बिल नंबर हवा आणि मागे डॉक्टरची चिठ्ठी. 'एस्टिमेट' किंवा कोऱ्या कागदावरचा हिशेब धरला जात नाही. मूळ बिलं मेडिक्लेमसाठी दिली असतील तर साक्षांकित प्रती आणि मंजुरीचं पत्र मागून घ्या. मेडिक्लेमची रक्कम अपघात भरपाईतून वजा करू नये, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२५ मध्ये दिला आहे. तेव्हा ती माहिती लपवायचं कारण नाही.

विमा कंपनी कुठे अडवते

ठरलेले बचाव आहेत. चालकाकडे योग्य परवाना नव्हता, हा सर्वांत नेहमीचा. यात बऱ्याचदा कंपनीला आधी रक्कम भरून नंतर ती वाहनमालकाकडून वसूल करायला सांगितलं जातं, म्हणजे जखमीचे पैसे अडकत नाहीत. मागे बसलेल्याचा दावा असेल तर पॉलिसी नुसती थर्ड पार्टी (फक्त त्रयस्थाच्या नुकसानीपुरती) आहे की पॅकेज (व्यापक संरक्षणाची), हे पाहावं लागतं. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत ज्या दुचाकीवर तो बसला होता तिची कंपनी हात वर करते. समोरच्या वाहनाची कंपनी मात्र सुटत नाही. मालवाहू टेम्पोतून फुकट प्रवास करणाऱ्यांबाबत कंपनीची जबाबदारी नसते, तिथे मालक आणि चालकच उरतात.

अर्जदाराचीही काही चूक निघाली तर त्या प्रमाणात रक्कम कापली जाते. दोन वाहनांच्या चुकीमुळे तिसरा जखमी झाला, तर तो संपूर्ण रक्कम दोघांपैकी कोणाही एकाकडून मागू शकतो. तरी शक्य असेल तर दोन्ही मालक आणि दोन्ही कंपन्यांना सामनेवाले करणं सोयीचं. एस.टी. बसच्या अपघातात महामंडळालाच सामनेवाले करावं लागतं.

फौजदारी खटल्यात चालक निर्दोष सुटला तरी दावा आपोआप पडत नाही. दाव्यात 'संशयापलीकडे' सिद्ध करायचं नसतं, जास्त शक्यता कोणत्या बाजूला झुकते एवढंच पाहिलं जातं.

वकील शोधताना

बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलाला जाहिरात करायला आणि दलालांमार्फत पक्षकार गोळा करायला मनाई केली आहे. म्हणजे वॉर्डात कार्ड वाटणाऱ्याने सुरुवातच नियम मोडून केलेली असते. त्यापेक्षा स्वतः जिल्हा न्यायालयात जा, बोर्डावर अपघात दाव्यांचं कामकाज कोणत्या दालनात आहे ते पाहा आणि एक सकाळ मागच्या बाकावर बसा. कोण तयारीने उभा राहतो, कोण नुसती तारीख मागतो, कोणाच्या जागी रोज नवा ज्युनिअर येतो, हे तासाभरात कळतं. ही मेहनत फार थोडे लोक घेतात.

मग दोन-तीन जणांना भेटा, कागदांच्या झेरॉक्स सोबत न्या आणि थेट प्रश्न विचारा. सनद क्रमांक काय? (महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे तो पडताळता येतो.) याच विमा कंपनीच्या पॅनेलवर आहात का? डॉक्टरची साक्ष तुम्ही स्वतः घेणार की सहकारी? अशा दुखापतीच्या दाव्यात कमाईची हानी कशी मांडाल? या शेवटच्या प्रश्नावर जो गुणक, भविष्यातली वाढ आणि कामाचं स्वरूप यांबद्दल बोलू लागतो, त्याच्याशी पुढे बोलावं. कागद न बघताच जो रक्कम सांगतो, त्याच्यापासून लांब राहावं.

आता फीचा प्रश्न. निकालावर अवलंबून असलेली फी ठरवणं किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घेणं भारतात वकिलांना नियमाने बंद आहे. परदेशी संकेतस्थळांवर दिसणारी 'जिंकलो तरच फी' ही पद्धत इथे चालत नाही. प्रत्यक्षात टक्केवारी सर्रास मागितली जाते, हे उघड गुपित आहे. पण तिचा लेखी करार करून वकीलही तो न्यायालयात टिकवू शकत नाही. सरळ मार्ग म्हणजे एकूण फी ठरवून टप्पे पाडायचे: दाखल करताना, पुराव्याच्या वेळी, युक्तिवादाला. कोर्ट फी, नक्कल, टायपिंग, डॉक्टरच्या साक्षीचा भत्ता हे फीमध्ये आहेत की वेगळे, ते त्याच दिवशी विचारून लिहून घ्या आणि प्रत्येक रकमेची पावती मागा.

पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना हा हक्क उत्पन्न न पाहता आहे, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. अपघाताने कायमचं अपंगत्व आलेला माणूसही अपंग व्यक्ती म्हणून यात बसू शकतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. कार्यालय न्यायालयाच्या आवारातच असतं, हेल्पलाइन १५१००.

वकीलपत्र वाचून सही करा. कोऱ्या कागदावर, कोऱ्या स्टॅम्पवर किंवा बँकेच्या कोऱ्या स्लिपवर सही नको. पासबुक आणि चेकबुक स्वतःकडे ठेवा. मूळ कागद देताना यादी करून पोच घ्या आणि सगळ्यांचा एक स्कॅन केलेला संच घरी असू द्या. दावा दाखल झाला की १६ अंक-अक्षरांचा सी.एन.आर. क्रमांक मागा. तो ई-कोर्ट्स ॲपवर टाकला की पुढची तारीख आणि मागच्या तारखेला काय झालं ते घरबसल्या दिसतं. मग 'साहेब रजेवर होते' हे खरं की खोटं, ते विचारत बसावं लागत नाही.

वकील बदलायचा असेल तर जुन्याची ना-हरकत घेऊन नवं वकीलपत्र दाखल करायचं. ना-हरकत अडवली तर न्यायाधिकरणाची परवानगी मागता येते. गैरवर्तनाची तक्रार राज्य बार कौन्सिलकडे होते. वकिलाविरुद्ध सेवेतल्या त्रुटीसाठी ग्राहक आयोगात जाता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ठरवलं आहे.

साक्ष, तडजोड आणि पैसे

नोटिसा, सामनेवाल्यांचं म्हणणं, मुद्दे निश्चित होणं, मग अर्जदाराचं सरतपासणीचं शपथपत्र. हे शपथपत्र वकिलाच्या कार्यालयात इंग्रजीत तयार होतं आणि अर्जदार न वाचता सही करतो. उलटतपासणीत त्यातल्याच ओळी विचारल्या जातात आणि तो गोंधळतो. म्हणून सहीआधी मराठीत समजावून घ्या. प्रत्येक कागदाला निशाणी क्रमांक (पुरावा म्हणून नोंदल्याचा नंबर) पडला का, हेही वकिलाला विचारा. दाखल केलेला पण निशाणी न पडलेला कागद निकालाच्या वेळी मोजला जाईलच असं नाही.

लोकअदालतीत तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि निवाड्यावर अपील नसतं, म्हणजे कंपनीलाही मागे फिरता येत नाही. प्रस्ताव तपासताना स्वतःचा हिशेब पुढ्यात ठेवा. २० लाखांच्या दाव्यात ७ टक्के सरळ व्याजाने चार वर्षांचे ५.६ लाख होतात. कंपनी 'सर्वांसह १६ लाख' म्हणते तेव्हा ती प्रत्यक्षात कितीवर बोलतेय, ते यावरून कळतं. पुरावा कच्चा असेल तर १६ घेणंही बरोबर असू शकतं. पण अपंगत्वाचा दाखला येण्याआधी तडजोड करू नका, कारण नंतर पाय आखडला तरी त्याबद्दल पुन्हा काही मागता येत नाही.

निवाड्यानंतर सामनेवाल्याने ३० दिवसांत रक्कम भरायची असते. ती थेट अर्जदाराच्या बँक खात्यात जमा व्हावी, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दिले आहेत. त्यासाठी खाते क्रमांक, आय.एफ.एस.सी. आणि पॅन आधीच अर्जात किंवा पुराव्यात द्या. रकमेचा काही भाग मुदत ठेवीत ठेवण्याचा आदेश होऊ शकतो. शस्त्रक्रियेसारखं खरं कारण दाखवून ती ठेव आधी मोडण्याची परवानगी मागता येते.

रक्कम कमी वाटली तर उच्च न्यायालयात ९० दिवसांत अपील करायचं. वादातली रक्कम १ लाखाच्या आत असेल तर अपील होत नाही. कंपनीने अपील केलं तर तिला आधी २५,००० रुपये किंवा निवाड्याच्या ५० टक्के, यांतली जी कमी असेल ती रक्कम भरावी लागते. नुसतं अपील दाखल झाल्याने वसुली थांबत नाही, स्थगिती आहे का ते आदेशात पाहावं लागतं. स्थगिती नसेल आणि पैसेही आले नसतील तर कलम १७४ खाली वसुली दाखल्याचा अर्ज करा. तो दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल केली जाते.